पैसे देणाऱ्याचीच चौकशी कशी करायची?

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी आणि माझा मित्र, दोघंही नाशिकचे, अंबड एमआयडीसीत छोटं ऑफिस आहे. सीएनसी मशीनला लावायचं एक डिव्हाइस बनवलंय, मशीन किती वेळ चाललं आणि किती वेळ नुसतं उभं राहिलं ते मालकाला मोबाईलवर दिसतं. अंबड-सातपूरच्या २३ वर्कशॉपमध्ये लावलंय आणि सगळे महिन्याचे महिन्याला पैसे देतात. आता दोन व्हीसी म्हणजे व्हेंचर कॅपिटल फंडांच्या (नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन पैसे गुंतवणाऱ्या) टर्मशीट, म्हणजे अटींचे कागद, आल्यात. पहिला पैसे येण्याआधीची कंपनीची किंमत ८ कोटी धरून २ कोटी देतोय, दुसरा ६ कोटी धरून दीड कोटी. पहिल्याच्या कागदात 'टू एक्स पार्टिसिपेटिंग' लिहिलंय, दुसऱ्याच्या 'वन एक्स नॉन-पार्टिसिपेटिंग', ते काही नीट कळलं नाही. घरचे म्हणतात जास्त देतोय त्याला हो म्हणा, उगाच प्रश्न विचारत बसाल तर हातचं जाईल. काय करू?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : प्रश्न विचारायचेच, आणि सहीच्या आधी विचारायचे. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाचा प्लॉट देताना नुसता भाव ऐकून कोणी माल तोडू देत नाही ना, या व्यापाऱ्याने गेल्या वर्षी कोणाचा माल नेला, पैसे किती दिवसांत दिले, की गाडी भरली आणि फोन बंद, हे गावात विचारतातच, कारण किलोमागे पाच रुपये जास्त बोलून एक पैसा न देता गायब झालेले व्यापारी आपल्याकडे सगळ्यांनी बघितलेत. तीच चौकशी इथे करायची.

आधी तो न कळलेला शब्द घ्या, कारण सगळा खेळ तिथे आहे. दोघांनाही तुमचे २० टक्केच जाणार, २ कोटी भागिले १० आणि दीड भागिले साडेसात, करून बघा. आता समजा चार वर्षांनी कंपनी फार चालली नाही आणि ५ कोटींना विकावी लागली. पहिला फंड आधी दुप्पट म्हणजे ४ कोटी उचलणार, वर उरलेल्या १ कोटीतले २० टक्के पण घेणार, म्हणजे ४ कोटी २० लाख त्याचे आणि तुम्ही दोघं आणि बाकी सगळे मिळून ८० लाख. दुसरा फंड एकतर आपले दीड कोटी घेईल नाहीतर २० टक्के, जे जास्त असेल ते एकच, म्हणजे दीड कोटी, आणि तुमच्याकडे उरतील साडेतीन. जास्त व्हॅल्युएशन, म्हणजे कंपनीची जास्त किंमत धरली की चांगली ऑफर, हे घरच्यांना वाटणं साहजिक आहे पण या हिशोबापुढे ते टिकत नाही. पहिल्याला सरळ सांगा, वन एक्स नॉन-पार्टिसिपेटिंग कराल तर बोलू, आणि त्यावर तो कसा बोलतो ते नीट ऐका, पुढची दहा वर्षं तो असाच बोलणार आहे.

आता माणसाची चौकशी. फंड तुम्हाला दोन-तीन फाउंडरांचे नंबर देईल, ते गोडच बोलणार, त्यांचं बरं चाललंय म्हणून तर ते नंबर दिलेत. मी माझ्या कंपनीच्या वेळी तेवढेच तीन फोन केले आणि सही केली. त्याच फंडाची एक कंपनी आदल्या वर्षी बंद पडली होती, तिच्या फाउंडरला फोन करावा हे सुचलंच नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्याकडे दोन महिन्यांचे पगार उरले तेव्हा फंडाचा आमच्याकडे बघणारा पार्टनर फोन उचलेना. नंतर त्या बंद पडलेल्या कंपनीचा फाउंडर भेटला, तो म्हणाला माझ्याही वेळी हेच, एक फोन केला असतात तर सांगितलं असतं. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही, म्हणून एवढं कळकळीने लिहितेय.

तर फंडाच्या बुडालेल्या कंपन्यांच्या फाउंडरांना शोधा. फंड बरेचदा वेबसाइटवरून अशा कंपन्यांची नावं काढून टाकतात, पण वेबॅक मशीन या वेबसाइटची जुनी पानं जपणाऱ्या साइटवर जुनं पान बघा, फंडिंगच्या जुन्या बातम्या शोधा, मग लिंक्डइनवर मेसेज टाका, बरेच जण मोकळेपणाने बोलतात. त्यांना विचारा, पैसे संपत आले तेव्हा फंडवाला काय म्हणाला, पुढच्या राऊंडला म्हणजे नंतर परत पैसे उभारताना त्याने स्वतः किती टाकले, तुम्हाला बाजूला करून दुसरा सीईओ आणायचा प्रयत्न झाला का, आणि शेवटी हे, की परत कंपनी काढलीत तर याच्याकडून पैसे घ्याल का. या शेवटच्या प्रश्नावर माणूस किती वेळ गप्प बसतो तेही लक्षात ठेवा.

फंडाचं वय विचारा. त्यांचाही पैसा दुसऱ्यांचा असतो, साधारण दहा वर्षांत परत करायचा असतो, सातव्या वर्षातला फंड असेल तर त्याला तुमच्यातला हिस्सा विकायची घाई होणार. आपल्या नाशिकच्या सुला वाइन कंपनीचं बघा, डिसेंबर २०२२ चा आयपीओ पूर्ण ऑफर फॉर सेल होता, म्हणजे जुन्या भागधारकांनी आपले शेअर विकले, कंपनीत नवा पैसा आला नाही. त्यात गैर काहीच नाही, गुंतवणूकदार कधीतरी बाहेर पडतोच, फक्त कधी ते तुम्हाला आज माहीत हवं. पुढच्या राऊंडसाठी पैसे राखलेत का, आणि बोर्डावर नक्की कोण बसणार, रोज फोन करणारा असोसिएट की निर्णय घेणारा पार्टनर, हेही विचारून घ्या.

हे सगळं टर्मशीटवर सही करायच्या आधी. व्हॅल्युएशन वगैरे त्यात सहसा बंधनकारक नसतं पण एक्स्क्लुसिव्हिटीचं कलम असतं, सही झाली की ठरलेले दिवस दुसऱ्या फंडाशी बोलता येत नाही आणि दीड कोटीवाला हातातून जातो.

प्रश्न : एका व्हीसी फंडाच्या नावाने फोन आला, ५ कोटी मंजूर झालेत, ड्यू डिलिजन्स म्हणजे कंपनीच्या तपासणीची फी म्हणून ५० हजार आधी भरा म्हणतात. भरू का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : अजिबात नाही. कंपनी न बघता कोणी ५ कोटी मंजूर करत नाही आणि खरा फंड असे पैसे आगाऊ मागत नाही. भारतातले व्हीसी फंड साधारणपणे सेबीकडे एआयएफ (अल्टरनेटिव्ह इन्व्हेस्टमेंट फंड) म्हणून नोंदवलेले असतात, २०१२ च्या नियमांखाली, यादी सेबीच्या साइटवर फुकट बघता येते. नाव तिथे सापडलं तरी थांबा, खऱ्या फंडाचं नाव वापरूनही फसवतात, त्या फंडाच्या अधिकृत साइटवरचा नंबर घेऊन स्वतः फोन करा. आधीच काही भरलं असेल तर आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.