तळपायांच्या मुंग्या आणि ताटातलं बी-12

प्रश्न : वय 58, पूर्ण शाकाहारी. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, मेटफॉर्मिन सुरू आहे. दोन महिन्यांपासून रात्री तळपायांना मुंग्या येतात, आग होते. जेवणात रोज मटकीची उसळ, पालेभाजी, बाजरीची भाकरी; दूध चहापुरतंच. आहारात काय वाढवू? – एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : मटकी खात राहा, पण या दुखण्यासाठी तिच्यावर भिस्त ठेवू नका. मोड आल्यावर तिच्यात क जीवनसत्त्व वाढतं, बी-12 येत नाही. ते पालेभाजीतही नाही आणि भाकरीतही नाही. नसांवरचं मायलिनचं आवरण टिकवायला मात्र तेच लागतं; ते आवरण झिजलं की अशा मुंग्या येतात, आग होते.

तुमच्या बाबतीत दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. पोटात बी-12 मुळात कमी जातं, आणि वर्षानुवर्षं घेतलेल्या मेटफॉर्मिनमुळे लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ते नीट शोषलं जात नाही. ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल रोज घेत असाल, तर तिसरी भर. जठरातलं आम्ल कमी झालं की अन्नातल्या प्रथिनांपासून बी-12 सुटं होत नाही. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून तूट उशिरा कळते.

प्रौढाला दिवसाला साधारण 2.2 मायक्रोग्रॅम लागतं. पेलाभर (250 मिली) दुधातून सुमारे 1 मिळतं, वाटीभर घट्ट दह्यातून त्याच्या निम्मं. पाणीदार ताक हिशेबात धरू नका. दोन पेले दूध आणि वाटीभर दही हे सकाळ-दुपार-रात्र विभागून घ्या. एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नीट शोषलं जातं. दूध एक उकळी आली की उतरवा, आटवत ठेवू नका. दोन पेल्यांत सुमारे 24 ग्रॅम दुग्धशर्करा असते, तेव्हा दिवसाची एक लहान भाकरी कमी करा.

तरीही, मुंग्या सुरू झाल्यावर नुसत्या दुधाने तूट भरून निघत नाही. आधी रक्तातलं बी-12 आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासा. इंजेक्शन घेतल्यावर नमुना दिला तर आकडा फुगलेला दिसतो आणि निदान हुकतं, म्हणून हा क्रम सांभाळा. बी-12 मिलिलिटरमागे 200 पिकोग्रॅमच्या खाली असेल तर उपचार हवेच; 200 ते 300 मध्ये असेल तर डॉक्टरांना मिथाइलमॅलोनिक आम्लाच्या (बी-12 कमी पडलं की हे वाढतं) तपासणीबद्दल विचारा. फक्त फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेऊ नका. त्यांनी हिमोग्लोबिन सुधारतं, नसांची झीज चालूच राहते. मेटफॉर्मिन परस्पर बंद करू नका.

आणखी एक, कळकळीने: थंडीत पाय शेकोटीजवळ नेऊ नका, गरम पाण्यात थेट घालू नका. पाणी आधी कोपराने पाहा. बधिर तळपायाला भाजलेलं कळत नाही.

प्रश्न : पाय बधिर वाटतात म्हणून वर्षभर ‘नसांच्या’ गोळ्या मेडिकलमधून आणून घेते. बधिरपणा वाढलाच. असं का? – एक वाचिका, सिन्नर

उत्तर : पट्टीच्या मागे ‘पायरिडॉक्सिन’ शोधा, ते बी-6. रोजची गरज 2 मिलिग्रॅमच्या आसपास. दिवसाला 100 हून जास्त बी-6 महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानेच नसांना इजा होते, काहींना त्याहून कमी मात्रेतही. गोळी, मल्टिव्हिटॅमिन, प्रोटीन पावडर, सगळ्यांतले आकडे मिळवा आणि पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे जा. क्षयरोगासाठी आयसोनियाझिड सुरू असेल तर सोबत दिलेलं बी-6 स्वतःहून थांबवू नका. त्या औषधाने होणारी नसांची इजा टाळण्यासाठीच ते दिलेलं असतं.