पहाटे मिसिंग, अकराला ठणठणीत

प्रश्न : नमस्कार दादा. माझी सहा सिलेंडरची जुनी गाडी आहे, 2008 चं मॉडेल, साधा (यांत्रिक) डिझेल पंप. येवल्याकडून पहाटे पाचला लासलगावला कांदा भरायला निघतो. डिसेंबर लागला की सेल्फ मारला तर चालू होते पण तीन-चार मिनिटं थडथड करते, मिसिंग मारते म्हणजे मधेमधे ठोका चुकवते, पांढरा धूर एवढा की डोळे चुरचुरतात. गरम झाली की एकदम चोख. गॅरेजला नेली तर मेकॅनिक म्हणतो काहीच नाही, आणि दुसरा म्हणतो इंजिन खोलावं लागेल, बोअर (सिलेंडरची आतली भिंत) झिजून गेला. डिझेल फिल्टर बदलला, फरक नाही. खोलू का?

उत्तर : भाऊ, अजिबात खोलू नका. तुमचा पहिला मेकॅनिक खोटं बोलत नाहीये, तुम्ही गाडी त्याच्याकडे अकरा वाजता नेता आणि तोपर्यंत ती वीस किलोमीटर चालून गरम झालेली असते, मग तो बिचारा बघणार काय? थंडीतलं मिसिंग थंड इंजिनवरच सापडतं. आदल्या रात्री गाडी त्याच्या दारात लावा, चावी काढून घ्या म्हणजे कोणी मधेच हलवणार नाही, आणि सकाळी पहिला सेल्फ त्याच्या समोर मारा. निम्मं निदान तिथेच होतं.

आता डिझेलला स्पार्क नसतो हे तुम्हाला माहीतच आहे, पिस्टन हवा दाबतो, दाबल्याने ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. पहाटे हवा गार, ब्लॉक गार, ऑइल घट्ट, बॅटरी मंद, त्यामुळे ज्या सिलेंडरची ताकद जरा कमी आहे तो पहिली काही मिनिटं पेटतच नाही आणि त्यातलं न जळलेलं डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर येतं. डोळ्यांना झोंबतं ते तेच.

सगळ्यात आधी कान द्या. मिसिंग ठरावीक ताल धरून येतंय का, म्हणजे दर फेरीला त्याच जागी एक ठोका गळतोय, की कधी इथे कधी तिथे, इंजिन वर-खाली करतंय? ताल असेल तर एकच सिलेंडर आजारी आहे. ताल नसेल तर बहुतेक वेळा लाइन एअर घेते. रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरतं, कारण थंडीत रबरी नळी कडक होऊन क्लिपपाशी आकसते, किंवा कोणीतरी फिल्टर बदलताना जुनाच कॉपर वॉशर परत टाकलेला असतो (तुमचा फिल्टर नुकताच बदललाय, तेव्हा हे आधी बघा!). फिल्टर आणि पंपाच्या मधे जाड पारदर्शक नळीचा तुकडा लावा आणि पहाटे टॉर्च मारून बघा, बुडबुडे दिसले की काम झालं. चोर सापडेपर्यंत रोज हँड पंप मारून हवा काढत बसू नका, ते औषध नाही.

एकच सिलेंडर असेल तर कुठला ते शोधायचं. तुमच्या साध्या पंपाच्या गाडीत जुनी पद्धत चालते, इंजिन चालू असताना एकेका नोझलच्या (सिलेंडरमधे डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) पाइपचं नट अर्धा आटा ढिलं करायचं, आवाज पडला तर तो सिलेंडर काम करत होता, काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला. हातमोजे आणि चष्मा घालून, खाली फडकं धरून. मला त्याहून आवडते ती टेंपरेचर गन. गेल्या हिवाळ्यात एका ट्रकला सेल्फ मारून एक मिनिट थांबलो आणि एक्झॉस्टच्या सहा नळ्यांवर गन मारली, पाच साठी-सत्तरीवर आणि चार नंबर जेमतेम पस्तीस. मालक तिथेच म्हणाला "अरेच्चा, याच नोझलचं काम मी दिवाळीत केलं होतं!" वॉशर दोन बसले होते, एकावर एक, जुना निघालाच नव्हता. नोझल वर उचलला गेला आणि फवारा चुकीच्या जागी.

आजारी सिलेंडर सापडला की त्याचा नोझल शेजारच्याशी अदलाबदल करा, वॉशर मात्र नवे. दुसऱ्या पहाटे मिसिंग नोझलसोबत सरकलं तर नोझल पंपवाल्याकडे द्या, तो टेस्टरवर दाब आणि फवारा बघेल, टोकाला थेंब लोंबतो का तेही. जागेवरच राहिलं तर मग टॅपेट (व्हॉल्वची फट) सेट करून कॉम्प्रेशन म्हणजे सिलेंडरमधला हवेचा दाब मोजा, आणि तेही थंड इंजिनवर. तेव्हा कुठे बोअरची भाषा करायची. आणि सगळेच सिलेंडर थोडे थोडे मिसिंग मारत असतील, एअरही नसेल, तर पंपाचं टायमिंग मागे सरकलंय का, म्हणजे डिझेल उशिरा फवारतंय का, ते तपासा.

बॅटरीकडे लोक बघतच नाहीत. दोन बॅटऱ्या सिरीजमधे, त्यातली एक म्हातारी झाली की सेल्फ घसटत फिरतो, हवा पिस्टनच्या रिंगांमधून निसटायला वेळ मिळतो, गरमी तयारच होत नाही. सेल्फ मारताना व्होल्ट बघा, 24 ची सिस्टीम 19 च्या खाली कोसळत असेल तर आधी ते निस्तरा, अर्थच्या केबलचं टोकही घासा.

एक गोष्ट मात्र उद्याच बघा, रेडिएटरचं पाणी. दर आठवड्याला टाकावं लागत असेल आणि धुराला गोडसर वास असेल तर हेड गॅस्केटमधून (इंजिनच्या हेडखालच्या सीलमधून) रात्री पाणी सिलेंडरमधे झिरपतंय. अशा वेळी पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका, पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

आणि ते एअर फिल्टरच्या तोंडाशी पेटता बोळा धरायचं, किंवा इथरचा स्प्रे मारायचा, कृपा करून बंद करा. चालू होते हे खरं, पण ज्या ठोक्याने होते तो ऐकलाय ना.

प्रश्न : माझी बीएस-6 ची छोटी पिकअप आहे, तीही सकाळी थडथडते. तुमचं ते नट ढिलं करून बघू का?

उत्तर : नाही, नाही आणि नाही. तुमच्या गाडीत कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी एकच दाबाची नळी, असते आणि तिच्यात 1600 बार आणि त्याहूनही जास्त दाब असतो, ती धार कातडीतून आत शिरते, बोट सुजायच्या आधीच आतून खराब होतं. तुमच्या गाडीला स्कॅनर लावा, इंजेक्टर करेक्शनचे (कुठल्या सिलेंडरला डिझेल कमी-जास्त करावं लागतंय त्याचे) आकडे थंड इंजिनवर घ्या, मग इंजेक्टरची रिटर्न टेस्ट, म्हणजे कुठल्यातून डिझेल जास्त परत येतंय ते. छोट्या गाडीला हिटर प्लग (सुरू होताना सिलेंडर तापवणारे) असतील तर वायर काढून मीटरने ओहम बघा, साधारण एकाच्या आसपास येतो, ज्याचा येतच नाही तो जळलेला. थेट बॅटरीला जोडून लाल होतो का बघायची जुनी खोड सोडा, काही नवे प्लग कमी व्होल्टचे असतात, क्षणात उडतात.

प्रश्न : डाळिंब घेऊन काश्मीरला जातो. तिकडे गाडी सकाळी मिसिंग मारत बंद पडते, डिझेल गोठतं म्हणतात.

उत्तर : गोठतं म्हणजे त्यातलं मेण जमतं आणि फिल्टर चोंदतो. आपल्या भारतीय मानकात नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या डिझेलला फिल्टरमधून वाहायची मर्यादा 6 अंश आहे, उन्हाळ्याच्या डिझेलला 18. म्हणजे नाशिकला भरलेली टाकी उणे तापमानात काय करेल ते उघड आहे. लडाखसाठी 2019 मधे इंडियन ऑइलने वेगळं डिझेल आणलं, उणे 33 पर्यंतचं, तेही याचसाठी. ओळखायचं असं, मिसिंग नुसतं नसतं, गाडी आधी ताकद सोडते आणि मग दम तोडते. फिल्टरवर गरम पाण्याचं फडकं ठेवा, थोड्या वेळाने धावते. टाकीखाली शेकोटी करणारे बघितलेत मी, त्यांच्या शेजारी गाडी लावू नका. आणि डिझेल गोठू नये म्हणून बीएस-6 मधे रॉकेल तर मुळीच घालू नका.