दिवसा समुद्राचे पाणी धुक्यासारखे दिसेल असे छायाचित्र कसे काढावे?

पाणी धुक्यासारखे दिसण्यासाठी शटर काही सेकंद उघडे ठेवावे लागते, पण भर उजेडात तसे केल्यास छायाचित्र पांढरे पडते. म्हणून लेन्सवर १० स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश अडवणारी गडद काच, लावावा लागतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे). तो प्रकाशाचा जेमतेम १/१००० भाग आत सोडतो आणि त्यामुळे १/६० सेकंदाचे एक्स्पोजर (शटर उघडे राहण्याचा वेळ) साधारण १७ सेकंदांपर्यंत वाढवता येते. फिल्टरमधून कॅमेऱ्याला फारसे दिसत नसल्याने फोकस आधीच साधून मॅन्युअलवर ठेवावा. ट्रायपॉडचे पाय ओल्या वाळूत खोल रोवावेत, कारण लाट परतताना पायांखालची वाळू सरकते आणि मग स्थिर खडकही अस्पष्ट येतात. मला स्वतःला संपूर्ण धुके काहीसे निर्जीव वाटते; परतणाऱ्या लाटेच्या फेसाच्या रेषा टिपायच्या असतील, तर अर्धा ते एक सेकंद पुरेसा असतो.