‘द फाउंटनहेड’ दुसऱ्यांदा वाचताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

आयन रँड या व्यक्तिवादी अमेरिकन लेखिकेने तुला झपाटलंय हे तुझ्या पत्रातून कळतंच आहे. आपल्या मनातलं कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय असं वाटणं ही फार मोलाची गोष्ट आहे. ‘वयाचा परिणाम’ म्हणून कुणी हसलं तर मनावर घेऊ नकोस. मात्र तिची ‘द फाउंटनहेड’ ही कादंबरी आता पुन्हा वाच, आणि या वेळी हातात पेन्सिल घे.

या वाचनात नायकाच्या, आर्किटेक्ट हॉवर्ड रोर्कच्या भाषणांपेक्षा त्याच्या कामाकडे बघ. तो बांधकामांवर राबलेला आहे. कॉलेजातून काढल्यावर हेन्री कॅमेरॉन या जुन्या आर्किटेक्टच्या हाताखाली शिकतो, कामं मिळेनाशी झाली की ग्रॅनाइटच्या खाणीत मजुरी करतो. तडजोड नाकारायचं बळ त्याला त्या कौशल्यातून मिळतं आणि नकाराची किंमत तो स्वतःच मोजतो. तरुण वाचकांचं चुकतं ते इथेच. ते नकार लगेच उचलतात, कौशल्य पुढे ढकलतात. ज्या विषयात तुला स्वतःचं मत हवंय, त्यात आधी हात बसू दे.

रोर्कचा कॉलेजातला सोबती पीटर कीटिंग तर रोर्कपेक्षाही सावकाश वाच. त्याला चित्रकार व्हायचं होतं. आईच्या इच्छेने आणि लोकांच्या कौतुकासाठी तो आर्किटेक्ट झाला. वहीत दोन रकाने आख. पहिल्यात गेल्या महिन्यातले तुझे दहा निर्णय लिही: क्लास, कपडे, मैत्रिणी, टाकलेले फोटो. दुसऱ्यात प्रत्येक निर्णय कुणाच्या नजरेसाठी घेतला ते लिही. आईबाबांना विरोध म्हणून घेतलेला निर्णयही प्रामाणिकपणे त्यांच्याच नावावर मांड. मुद्दाम उलट वागणाऱ्याची दोरीही दुसऱ्याच्याच हातात असते.

‘ॲटलस श्रग्ड’ या रँडच्या नंतरच्या कादंबरीचा नायक जॉन गॉल्ट याच्या शपथेचे दोन भाग आहेत. मी दुसऱ्यासाठी जगणार नाही, हा पहिला. तो सगळ्यांना पाठ असतो. दुसऱ्याने माझ्यासाठी जगावं असंही मी मागणार नाही, हा दुसरा. तुझी फी, डबा, इस्त्रीचे कपडे कुणाच्या वेळातून येतात याचा आठवडाभर हिशोब ठेव आणि त्यातलं जमेल तेवढं स्वतःच्या अंगावर घे. घरच्यांना ‘परोपजीवी’ म्हणण्याआधी एवढं केलंच पाहिजे.

आजीच्या आजारपणात घरात थांबणं म्हणजे ‘त्याग’ का, असं तू विचारलंस. रँडचं स्वतःचं उत्तर तू समजतेस तसं नाही. 1964च्या ‘द व्हर्च्यू ऑफ सेल्फिशनेस’ या निबंधसंग्रहात ती म्हणते, की प्रिय व्यक्तीसाठी केलेला खर्च हा त्याग नव्हेच, कारण ती व्यक्ती हे तुझंच मूल्य आहे. म्हणून आजीजवळ बसताना कर्तव्याचा सुस्कारा सोडू नकोस. ती तुला हवी आहे म्हणून बस.

आता पुस्तकाशी थोडं भांडायला शीक. कादंबरीत कोण जिंकणार हे लेखिका ठरवते, त्यामुळे कथानक हा पुरावा ठरत नाही. रोर्कला नातेवाईक नाहीत. ‘ॲटलस’मधल्या उद्योगपती हँक रिअर्डनला आहेत, पण ते बांडगुळंच रंगवली आहेत. तान्ही मुलं, अपंग माणसं, अंथरुणाला खिळलेले म्हातारे या कादंबऱ्यांत जवळजवळ नाहीतच. अशा प्रत्येक ठिकाणी समासात लिही: ‘इथे कोण नाही?’ आणि रोर्क खाणीत असतानाचा, ‘फाउंटनहेड’ची नायिका डॉमिनिक हिच्यासोबतचा प्रसंग प्रेमाचा नमुना म्हणून मुळीच स्वीकारू नकोस. त्यात बळजबरी आहे, आणि लेखिकेने तिला भव्यता देऊन ती खपवली आहे. मला ते मान्य नाही.

पुढे लगेच ‘ॲटलस’ला हात घालू नकोस. आधी तिची 1936ची कादंबरी ‘वी द लिव्हिंग’ वाच. रँडचा जन्म 1905चा, रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचा. साम्यवादी बोल्शेविकांनी तिच्या वडिलांचं औषधांचं दुकान जप्त केलं, 1926मध्ये ती अमेरिकेत आली. ‘समाजासाठी’ हा शब्द ऐकताच ती इतकी का पेटते, हे या कादंबरीतून समजतं. मग 1957चं ‘ॲटलस’ घे. गॉल्टचं साठेक पानी भाषण एका बैठकीत संपवू नकोस. रोज चार-पाच पानं वाच आणि प्रत्येक वेळी त्यातला युक्तिवाद स्वतःच्या तीन वाक्यांत उतरव. जिथे तीन वाक्यं जमत नाहीत, तिथे बहुधा युक्तिवादाऐवजी नुसता आवेश असतो. इंग्रजी जड गेलं तर मुग्धा कर्णिक यांचे मराठी अनुवाद आहेत.

सोबत इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलच्या 1859च्या ‘ऑन लिबर्टी’चं तिसरं प्रकरण वाच. व्यक्तीची बाजू मिलही घेतो, पण वेगळ्या वाटेने. आपल्या आगरकरांवर मिलची दाट छाया होती. जिवंतपणी पुण्यात स्वतःची प्रेतयात्रा पाहूनही त्यांनी मत बदललं नाही, आणि बुद्धी मात्र पैशामागे न लावता विधवांच्या आणि मुलींच्या शिक्षणाच्या प्रश्नांवर खर्च केली. रोर्क आणि आगरकर यांना समोरासमोर बसवून दोन पानांचा संवाद लिही. दोघांपैकी कुणालाही मूर्ख ठरवू नकोस. लिहून झाला की पाठव.