पत्त्यांच्या जुन्या टेबलावर नवीन कापड कोणतं बसवावं?

तुम्ही विचारलंय ते टेबल तुमच्या पणजोबांचं, शिसवी, पत्ते खेळायचं, मधोमध दुमडणारं. आतलं हिरवं कापड कसरीने खाल्लंय आणि घरात तीन मतं पडलीत: काकांना सोलापुरी चादरीचं कापड हवंय, वहिनींना मरून मखमल, आणि सोफेवाला म्हणतोय रेक्झिन मारून देतो. मी जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीचं काम करतो, तेव्हा स्पष्टच सांगतो. तिन्ही नकोत. लोकरीचं, घट्ट विणलेलं, वर बारीक लव असलेलं कापड घ्या. स्नूकरच्या टेबलावर असतं ते. अशा जुन्या टेबलांवर मुळात याच जातीचं कापड असायचं, बेझ म्हणतात त्याला.

काकांचं म्हणणं मला मनापासून समजतं. आपल्या सोलापुरात एवढी चादर विणली जाते, तिला भौगोलिक मानांकन आहे, मग आपल्या टेबलावर बाहेरचं कापड का? पण चादर पांघरायला विणलेली असते. जेकार्डच्या नक्षीत धागे वर-खाली उचललेले असतात, त्यामुळे पृष्ठभाग सपाट राहत नाही. पान सरकवताना त्याची कड नक्षीत अडखळते, अंगठी किंवा नख लागलं की धागा ओढला जातो. शिवाय ती जाड. दुमडत्या टेबलात जाडी हाच खरा प्रश्न आहे. घोंगडीही कुणीतरी सुचवेल, सांगोला-मंगळवेढ्याकडची. लोकर खरी, पण सूत भरड आणि वीण जाड, पान त्यावर घसरतच नाही.

आता जाडी मोजायची कशी? टेबल उघडा. कडेने लाकडाची पट्टी आहे आणि मधला भाग तिच्यापेक्षा किंचित खाली आहे ना? कापड त्या खोलगट भागात बसतं, पट्टीच्या बरोबरीने. जुनं कापड निघाल्यावर तिथे पत्त्याची पानं एकावर एक ठेवा आणि किती पानांना पट्टीशी बरोबरी होते ते बघा. एक पान साधारण ०.३ मिमीचं असतं, म्हणजे तीन-चार पानं बसली तर खोली एक मिमीच्या आसपास. कापड तेवढंच किंवा जरा पातळ हवं. जाड बसवलंत तर दुमडल्यावर दोन्ही फळ्या एकमेकींना टेकत नाहीत, मध्ये फट राहते आणि झाकताना दर वेळी सगळा जोर बिजागऱ्यांवर येतो. तो जोर सोसता सोसता बिजागरीचे स्क्रू लाकडातून सैल होतात. मग कापडाचं काम राहतं बाजूला आणि सुताराचं सुरू होतं.

मखमलीची लव उंच आणि मऊ. मेंढीकोटाचे दोन डाव झाले की कोपरांचे आणि तळव्यांचे डाग उमटतात, आणि सपाट पडलेलं पान तिच्यावरून उचलताना नख रुतवावं लागतं. रेक्झिनला उन्हाळ्यात घामट हात चिकटतात, पानंही चिकटतात. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं फेल्ट सुद्धा घेऊ नका. ते विणलेलं नसतं, तंतू नुसते दाबून बसवलेले असतात. घासलं की त्याचे गोळे होतात, ताणलं की वेडंवाकडं होतं.

कापड मिळेल कुठे? सोलापूरच्या चाटी गल्लीत कापडाचे इतके प्रकार मिळतात, पण हे तिथे सहज मिळेल असं धरून चालू नका. आधी एखाद्या स्नूकर पार्लरमध्ये विचारा, त्यांच्या टेबलाचं कापड बदलायला कोण येतो ते. पूर्ण आकाराचं स्नूकर टेबल १२ फूट बाय ६ फूट असतं, त्यामुळे त्या कारागिराकडे नव्या कापडाचा उरलेला तुकडा असू शकतो. तुमच्या कामाला तो पुरतो. वापरून काढलेलं कापड स्वस्तात देतो म्हणाला तर उजेडात धरून बघा. खडूचे डाग आणि घासून पातळ झालेले पट्टे असतील तर सोडून द्या.

घेताना कापडावर तळहात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत लागेल, उलट दिशेने किंचित खरखरीत. हीच लवेची दिशा. दोन्ही फळ्यांचे तुकडे कापताना ही दिशा एकच ठेवा आणि मागच्या बाजूला खडूने बाण काढून ठेवा. एक तुकडा उलटा बसला तर एकाच ताग्यातलं कापड असूनही अर्धं टेबल गडद आणि अर्धं फिकं दिसतं. रंगाचं म्हणाल तर जुन्या कापडाच्या कडेखाली, जिथे ऊन लागलेलं नाही तिथे, मूळ हिरवा शिल्लक असेल. त्याचा एक तुकडा जपून ठेवा आणि त्याच्याशी जुळवा. वहिनींना मरूनच हवा असेल तर लोकरीच्या कापडात मरूनही मिळतो, त्याला माझी हरकत नाही. फक्त आधी ओलं पांढरं फडकं घासून रंग सुटतो का ते पाहा.

चिकटवायला फेव्हिकॉल नको. तो वाळला की तीस-चाळीस वर्षांनी जो कुणी हे कापड काढेल त्याला लाकूड खरवडावं लागेल. मैद्याची घट्ट खळ करा, बुकबाइंडर करतात तशी. कोमट पाण्याने ती पुन्हा सुटते. तुमचं जुनं कापडही बहुधा ओल्या कोमट फडक्याने सुटेल. पण घाई करू नका आणि पॉलिशच्या पट्टीवर पाणी जाऊ देऊ नका. खळ लाकडाला लावायची, कापडाला नाही, आणि पातळ थरात, नाहीतर ती वर फुटून डाग पडतो. कापड चारही बाजूंनी इंचभर मोठं ठेवा, मधून कडांकडे हाताने बसवत जा, ताणू नका. ताणून बसवलेली लोकर वाळताना आक्रसते आणि कडेला लाकूड उघडं पडतं. म्हणून जादाचं कापडही लगेच कापायचं नाही. खळ बऱ्यापैकी वाळू द्या, मग नव्या ब्लेडने पट्टीच्या कडेला धरून एका ओढीत कापा.

हे काम एप्रिल-मेमध्ये काढू नका. आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, कापड अंथरेपर्यंत खळ सुकलेली असते. पावसाळ्यात उलट, ती ओली राहते आणि बुरशी धरते. दिवाळीनंतरचे दिवस चांगले. पुढे कसर लागू नये म्हणून टेबल महिनोन् महिने मिटून ठेवू नका, अधूनमधून उघडा आणि मऊ ब्रशने लवेच्या दिशेने झाडा. अळ्यांना अंधार आणि निवांतपणा हवा असतो.

जुनं कापड काढल्यावर किती पानं बसली ते, आणि बिजागरीजवळचा एक फोटो, इथेच टाका. बिजागरीवर कापड अखंड होतं की दोन तुकड्यांत, त्यावर कापणी कशी करायची ते ठरेल.