घरगुती मसाल्याच्या व्यवसायाला चालू खाते हवेच का?

घरगुती मसाल्याच्या विक्रीसाठी बचत खात्यावर भागवावे की चालू खाते उघडावे, आणि ते कोणत्या बँकेत, असे आपण विचारले आहे. बँक कोणती ते नंतर ठरवा; खाते मात्र फर्मच्या नावाचे चालू खातेच असले पाहिजे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

आमच्या घरी याच प्रश्नावर बराच काळ वाद होता. चालू खात्यावर व्याज मिळत नाही, किमान शिल्लक न राहिल्यास दंड बसतो, मग ते हवे कशाला, असे माझ्या थोरल्या दिरांचे म्हणणे होते, आणि घरचे व्यवहार तेच पाहत असल्यामुळे मसाल्याचे पैसे माझ्या बचत खात्यात जमा होत. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर एका कारखान्याच्या उपाहारगृहाने चटणीचे थकलेले सारे बिल एका रेखांकित, म्हणजे फक्त खात्यातच जमा करता येणाऱ्या, धनादेशाने चुकते केले. धनादेश फर्मच्या नावाचा आणि खाते माझ्या वैयक्तिक नावाचे, त्यामुळे बँकेने तो घेतला नाही, आणि दुसरा धनादेश दिवाळीनंतरच निघेल असे उपाहारगृहाच्या हिशेबनिसांनी सांगितले. बेडगी मिरचीच्या व्यापाऱ्याला शब्द दिलेला, कांडपावरच्या बायकांचा पगार आणि बोनस द्यायचा. अखेर मला माझ्या पाटल्या गहाण ठेवाव्या लागल्या. ५०,००० रुपयांच्या शिल्लकीवर अडीच टक्क्यांनी वर्षाला १,२५० रुपये व्याज होते. तेवढ्यासाठी धंद्याची पत पणाला लावू नये, हे मी आधीपासून सांगत होते.

दिवाळीनंतर मी स्वतः जाऊन चालू खाते उघडले. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, जी निःशुल्क असते आणि जिच्यासाठी एजंटला एक पैसाही देऊ नये, कामगार थोडे असल्यामुळे शॉप अ‍ॅक्टची (दुकाने व आस्थापना कायद्याची) ऑनलाइन सूचना पावती, पॅन, आधार आणि प्रोप्रायटरचा, म्हणजे फर्मच्या एकट्या मालकाचा, रबरी शिक्का एवढ्यावर काम झाले. बँकेचे अधिकारी जागा पाहायला आले, तेव्हा आमच्या पाटीवर ‘मसाले’ आणि उद्यमच्या प्रमाणपत्रावर ‘मसाला उद्योग’ असे होते. रंगाऱ्याकडून पाटी बदलून घेतल्यावरच अर्ज पुढे सरकला. पुढे याच खात्याच्या उताऱ्यावर मला छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा योजनेतील किशोर गटाचे कर्ज मिळाले आणि नवे कांडप यंत्र आले. त्या कर्जासाठी काहीही तारण ठेवावे लागले नाही, की घरातल्या कोणाची सही लागली नाही.

बँकेविषयी म्हणाल, तर चालत जाता येईल अशी राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा पाहा. किमान शिल्लक महिन्याच्या सरासरीवर मोजतात की तिमाहीच्या, आणि रोख भरण्यावर किती रकमेनंतर शुल्क लागते, हे आधी विचारून घ्या. विक्री अगदीच किरकोळ आणि गिऱ्हाईक सगळे ओळखीचे असेल तर सुरुवातीचे काही महिने बचत खात्यावर निघतात, हे मला मान्य आहे. पण बँकांच्या अटींत ते बसत नाही.

सहकारी बँकेला माझा विरोध नाही. मात्र बँक बुडाल्यास ठेवीदाराचे पैसे परत देणाऱ्या ठेव विम्याची मर्यादा एका ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे ५ लाख रुपये आहे आणि एकाच बँकेतील तुमचे बचत खाते व प्रोप्रायटर म्हणून असलेले चालू खाते त्यासाठी एकत्र धरले जाते. पतसंस्थेतील पैशांना तर हा विमा मुळीच नाही. संचालक ओळखीचे आहेत एवढ्या भरवशावर धंद्याची रक्कम तेथे ठेवू नये, असे मी दिरांनाही सांगितले आहे आणि तुम्हालाही सांगते.