इमारत कोसळली की ढिगाऱ्यातून माणसं काढायला रोबोट का पाठवत नाहीत?

पाठवतात हो. पण रोबोट आत जाऊन माणसाला ओढून बाहेर आणेल असं वाटत असेल, तर ते विसरा. त्याचं काम डोकावण्याचं.

2001 मध्ये न्यूयॉर्कला वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ढिगाऱ्यात असे रोबोट पहिल्यांदा उतरवले. बचावकामाच्या रोबोटांवर संशोधन करणाऱ्या रॉबिन मर्फी यांचा गट त्यात होता. बुटाच्या खोक्याएवढी यंत्रं, माणूस किंवा कुत्रा शिरणार नाही अशा फटींत जाऊन आली. जिवंत मात्र त्यांना कुणीच सापडलं नाही.

अडचण नेमकी कुठे येते, हे मला एका दुपारीच कळलं होतं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारा रोबोट केला होता. लॅबच्या फरशीवर पठ्ठ्या विटा चढायचा, सर खूश. मग त्याला एका पाडलेल्या दुमजली घराच्या राड्यारोड्यात नेला. पाच-सहा फूट आत गेला आणि थांबला. पट्ट्यात पडद्याचं कापड गुंडाळलेलं, मागची केबल सळईत अडकलेली. शेवटी एकाने पालथं पडून खांद्यापर्यंत हात घातला, तेव्हा तो बाहेर आला.

केबल मुळात लावायचीच कशाला? तर काँक्रीट आणि लोखंडाच्या थरांखाली वायरलेस सिग्नल टिकत नाही. म्हणून केबल, आणि केबल आली की गुंता आलाच.

जपान्यांचंही तेच झालं. फुकुशिमाच्या अणुभट्टीत 2011 सालच्या अपघातानंतर ‘क्विन्स’ नावाचा रोबोट पाठवला होता. किरणोत्सर्गामुळे माणसाला जिथे थांबता येत नव्हतं, तिथली मोजमापं त्याने आणली. ऑक्टोबरमध्ये दोन नंबरच्या इमारतीत त्याची केबल अडकली आणि तो तिथेच सोडून द्यावा लागला. पालथं पडून हात घालायची सोय तिथे नव्हती.

आपल्याकडचं सिलक्यारा आठवत असेल. नोव्हेंबर 2023, उत्तराखंडातल्या बोगद्यात 41 कामगार 17 दिवस अडकले होते. ढिगाऱ्यात आडवं भोक पाडणाऱ्या ऑगर मशीनची पाती लोखंडात अडकून तुटली आणि शेवटचे दहा-बारा मीटर रॅट-होल, म्हणजे उंदराच्या बिळासारख्या अरुंद वाटा खोदणाऱ्या खाणकामगारांनी हातानेच खोदले. पण त्याच्या आधी, दहाव्या दिवशी, सहा इंची पाइपातून आत एक कॅमेरा सरकवला होता. त्याला रोबोट म्हणायचं की नाही यावर खुशाल वाद घाला. घरच्यांना आपल्या माणसाचा चेहरा दिसला तो त्याच्यामुळे.